‘फिफिता’चा दोन नंबरचा इंजेक्टर

३ ऑगस्ट, सोमवार

सकाळी बोट काढली. धक्का सोडून जरा पुढे गेलो तोच इंजिनातून फुस् फुस् आवाज. झाकण उघडलं. डिझेलचा वास, धूर, आणि दोन नंबरच्या इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा चिकटा.

निदान उभ्या उभ्या केलं. इंजेक्टरचं सील गेलं आहे. पुढे संदर्भाला लागेल म्हणून लिहून ठेवतो: इंजेक्टर म्हणजे डिझेल फवारणारी तोटी. ती इंजिनात जिथे बसते तिथे खाली तांब्याचा एक वॉशर असतो. तो गेला की आतला जाळ बाहेर डोकावतो. वॉशर बदलायचा, संपलं.

बंदराच्या ऑफिसात असताना मी बोटींच्या इंजिन-तपासणीच्या कागदांवर जन्मभर सह्या केल्या. या लिफुका बेटावरचं असं एक इंजिन नाही जे मी पास केलेलं नाही. एक वॉशर म्हणजे काय.

मात्र काम वेळेत हवं. बावीस तारखेला, शनिवारी, माझ्या मुलीचं, सेइनीचं लग्न. आमच्यात मुलीच्या लग्नात आत्याचा मान सगळ्यात वरचा, म्हणजे माझ्या ताईचा. ती राहते हाअफेवा बेटावर. तिला आणि तिने आहेरासाठी विणलेल्या चटयांना आदल्या दिवशी घेऊन यायचं, तेही माझ्याच बोटीतून. ताई नाताळातच सगळ्यांसमोर म्हणाली होती, येईन तर भावाच्या बोटीतून येईन. का नाही म्हणणार. बोटीला नावच तिचं दिलंय: ‘फिफिता’.

मेलिआमे, माझी बायको, म्हणाली, हार्बरवरच्या मेकॅनिकला बोलवा. तो फळं तोडायला ऑस्ट्रेलियाला गेलाय. बरंच झालं. मग म्हणाली, फोलाऊला विचारा. फोलाऊ तिचा भाऊ. त्याच्या बोटीला मागे एक पेट्रोलचं इंजिन लटकवलेलं आहे, शिवणयंत्राएवढं. मी म्हटलं, डिझेल हा वेगळा सब्जेक्ट आहे.

निश्चय: बुधवारपर्यंत काम फत्ते.

४ ऑगस्ट, मंगळवार

तयारीचा दिवस. घाईने काम बिघडतं.

ऑफिसातला निळा बॉयलर सूट शोधून काढला. पोटावरची बटणं लागत नाहीत. कापड आटलंय. नट फिरवायचे पाने काढून ओट्यावर साइझप्रमाणे लावले, लहान ते मोठे. डोळ्याला बरं दिसेना. मग मोठे ते लहान लावले.

दुपारी जेवण. मासा, टारोचा कंद, नारळाचं दूध. जेवण झाल्यावर कामाचा विचार करायला म्हणून आडवा झालो. विचार संपला तेव्हा कोंबड्या झाडावर चढत होत्या.

मेलिआमेने विचारलं, झालं का काही. म्हटलं, सत्तर टक्के काम डोक्यात असतं. ते झालं.

५ ऑगस्ट, बुधवार

प्रत्यक्ष काम सुरू. इंजेक्टर दोन नटांनी धरलेला. पहिला नट सुटला. दुसरा फिरेना. जोर केला. नट तसाच, पण त्याचे कोपरे गेले. आता तो नट नसून गोटी आहे. हल्ली कंपन्या धातू मऊ वापरतात.

तेवढ्यात फोलाऊ धक्क्यावर आला. केळं खात उभा राहिला. म्हणाला, दाजी, तुम्ही तो आवळताय. मी म्हटलं, दोन्ही दिशा तपासून बघतोय. तो म्हणाला, हां हां, बघा बघा. आणि केळ्याची साल माझ्या हातात देऊन गेला.

निश्चय: शुक्रवार.

७ ऑगस्ट, शुक्रवार

नट छिन्नीने फोडून काढला; त्याच्या जागी घालायला जुन्या डब्यात एक नट निघाला. आता इंजेक्टर मोकळा आहे. फक्त बाहेर येत नाही.

ओढला. पिळला. तेल सोडलं. गरम पाणी ओतलं. शेवटी घरून पहार आणली. मेलिआमे म्हणाली, अहो, पहार टारो काढायला असते. म्हटलं, हेही एक प्रकारे तेच काम आहे. पहारेने इंजेक्टर हलला नाही. बोट हलली.

संध्याकाळी फोलाऊ घरी आला. अगदी गरीब चेहरा करून म्हणाला, दाजी, ताईंना मी माझ्या बोटीतून आणतो, तुम्ही मांडवाचं बघा. मी विचारलं, तुझ्या त्या होडक्यात लग्नाच्या चटया कुठे ठेवणार, डोक्यावर? ताई काय म्हणाली होती ते सगळ्या गावाला माहीत आहे. उद्या मी दुसऱ्याची बोट पाठवली, तर ती काय समजेल? भावाला जड झाली, असंच समजेल.

तो म्हणाला, मग इंजिन लवकर काढा. इंजिन काढायचं नाहीच आहे. इंजेक्टर काढायचाय. याला डिझेलमधलं काय कळतं ते यावरून दिसतं.

९ ऑगस्ट, रविवार

रविवारी काम करायचं नाही. देवाचा नियम आहे आणि सरकारचाही. मी तो पाळतो.

पहाटेची प्रार्थना झाल्यावर फक्त बघायला म्हणून बोटीवर गेलो. बघणं हे काम नव्हे. बघता बघता हातात हातोडी होती. हातोडीचं वजन जरा इंजेक्टरवर पडलं. मग पुन्हा पडलं. पाण्यावरून आवाज लांब जातो, हे त्या वेळी लक्षात आलं नाही. देवळातल्या दहाच्या प्रार्थनेतल्या गाण्याचा ठेका मला आज विशेष भारदस्त वाटला, तो बहुतेक माझाच होता.

दुपारी पास्टर स्वतः धक्क्यावर आले. काळा कोट, कमरेला रीतीप्रमाणे गुंडाळलेली चटई, भर उन्हात. विचारलं, केलेपी, काय चाललंय. मी म्हटलं, विचार करतोय. ते म्हणाले, तुझा विचार मागच्या बाकापर्यंत ऐकू आला.

शिक्षा म्हणून देवळाबाहेरचं गवत कापायला माझं नाव घातलंय. रविवारी नाव घातलं, सोमवारी कापायचं.

१० ऑगस्ट, सोमवार

गवत कापून बोटीवर गेलो. इंजेक्टरला हात लावला तर तो अलगद वर आला. इतका अलगद की मी मागच्या मागे बोटीच्या तळातल्या पाण्यात बसलो. कालच्या विचाराचा परिणाम. हे पास्टरांना सांगणार नाही.

इंजेक्टर पुसून बघितला. टोकाला वॉशरच नाही. दोनदा बघितलं. इंजिन घेतल्यापासून मी ते उघडलेलं नाही, म्हणजे फॅक्टरीतच बसवायचा राहिला. इतकी वर्षं हे इंजिन वॉशरशिवाय चाललं. वॉशर घातल्यावर काय चालेल याची कल्पना करवत नाही.

राजधानीत, नुकुआलोफाच्या दुकानात फोन केला. गुरुवारच्या फेरीने वॉशर पाठवतो म्हणाले. पाच पाठवा म्हटलं. दुकानदाराने विचारलं, पाच सिलिंडरचं इंजिन आहे का. म्हटलं, तीनचं, पण मी दूरचं बघतो.

११ ऑगस्ट, मंगळवार

गुरुवारपर्यंत हातावर हात ठेवून बसणं माझ्या स्वभावात नाही. डबाबंद बीफचा एक डबा फोडला, आतलं खाल्लं, पत्र्याचा गोल कापला, मधे भोक पाडलं. वॉशरच तो. मेलिआमेने विचारलं, डबा कुठला घेतलात, पाहुण्यांसाठी ठेवलेला? म्हटलं, पाहुण्यांच्याच कामासाठी घेतला.

बसवला. इंजिन सुरू होईना. चावी फिरवत राहिलो. आधी घर्र घर्र, मग घर्, मग नुसतं टक. बॅटरी उतरली.

घरी येऊन पुस्तक काढलं. शेवटून दुसऱ्या पानावर लिहिलंय की पाइप उघडल्यावर त्यातली हवा काढल्याखेरीज इंजिन सुरू होत नाही. इतकी महत्त्वाची गोष्ट शेवटी छापतात.

बॅटरी चार्जिंगला फोलाऊकडे दिली. त्याने फक्त शीळ घातली.

१३ ऑगस्ट, गुरुवार

वॉशर आले. छोटे, गुलाबी, सुंदर. सेइनीच्या अंगठीपेक्षा चमकतात. पत्र्याचा काढून टाकला, यातला एक घालून इंजेक्टर बसवला. पाइपातली हवा काढली. हवेबरोबर डिझेलही निघतं. ते तोंडात गेलं. दिवसभर ढेकर डिझेलचे.

इंजिन सुरू झालं.

फुस् फुस् थांबलं नाही. उलट वाढलं. आता तो आवाज डुकराच्या पिल्लाला गुदगुल्या केल्यासारखा येतो. धूरही जास्त.

रात्रीच्या जेवणाआधी शांतपणे कारण शोधलं. वॉशर पातळ आहे. उपाय सोपा: दोन घालायचे.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

दोन घातले. इंजेक्टर आता इतका वर उभा राहिला की नटांना जेमतेम आटे मिळाले. इंजिन सुरू केलं तर इंजेक्टरच्या बुडातून काळा फवारा आला आणि बॉयलर सूटची पोटावरची उघडी बाजू रंगली. उघडं पोटही.

संध्याकाळी काव्हाला बसलो, म्हणजे मुळांचं ते पेय वाटीवाटीने प्यायला. मंडळींनी विचारलं, केलेपी, फिफिता कशी आहे. प्रश्न टेक्निकल होता, उत्तर टेक्निकल दिलं. म्हटलं, फिफिता म्हातारी झाली. तोंड काळं पडलंय, धूर सोडते, पिते फार, आणि जागेवर बसवली तर नीट बसत नाही. आता तिला हातोडीनेच सरळ करावं लागेल.

सगळे हसले. फोलाऊ तर काव्हाची वाटी खाली ठेवून हसला. तो त्या वेळी फोनवर त्याच्या हाअफेवाच्या मित्राशी बोलत होता. त्यालाही त्याने माझं बोलणं ऐकवलं. माझं बोलणं लोकांना आवडतं.

१६ ऑगस्ट, रविवार

वाईट दिवस.

प्रार्थनेनंतर मेलिआमेच्या फोनवर ताईचा निरोप आला. मेलिआमेने तो मोठ्याने वाचला. ताईने लिहिलंय: धूर सोडणारी, पिणारी, काळ्या तोंडाची म्हातारी बाई लग्नात शोभणार नाही. चटया कोणाच्या तरी हाती पाठवते. मुलीला आशीर्वाद. फिफिता.

मी म्हटलं, यात काहीतरी गैरसमज आहे. मेलिआमे उठली. पाहुण्यांसाठी काढून ठेवलेल्या चटयांच्या ढिगावर जाऊन बसली. मग म्हणाली, वन्सं आल्या नाहीत तर मी लोकांना कोणत्या तोंडाने जेवायला बसवू.

ताईला फोन केला. उचलत नाही. फोलाऊ आला, जीभ चावत. म्हणाला, दाजी, मी फक्त तुमचंच वाक्य सांगितलं, मित्राने त्याच्या बायकोला सांगितलं, तिने विहिरीवर सांगितलं. वाटेत बोट गळाली आणि नुसती फिफिता राहिली.

मग नुकुआलोफाहून सेइनीचा फोन. बाबा, तुम्ही आत्याला काय म्हणालात? म्हटलं, आत्याला काहीच नाही, इंजिनाला म्हणालो. ती म्हणाली, बाबा, बोटीला आत्याचं नाव कोणी दिलं? मी म्हटलं, मी. ती म्हणाली, आत्या नसेल तर मला मानाच्या जागेकडे बघवणार नाही. आत्यानेच माझी लग्नाची चटई विणली आहे.

संध्याकाळी ओसरीवर बसलो. आई गेली तेव्हा मी फार लहान होतो. शाळेत जाताना ताई माझ्या शर्टाची बटणं लावायची आणि वरचं बटण लावताना हनुवटी वर करायला सांगायची. अजून शर्ट घालताना माझी हनुवटी वर जाते.

वारा सुटला म्हणून आत गेलो.

निश्चय: इंजिन दुरुस्त करून, त्याच बोटीतून, ताईकडे स्वतः जायचं.

१७ ऑगस्ट, सोमवार

मेलिआमे म्हणाली, आज मी येते बोटीवर. मी म्हटलं, तुला डिझेलचा वास सहन होत नाही. ती म्हणाली, पंधरा दिवस घरात दुसरा कुठला वास आहे.

इंजेक्टर काढला. तिने भोकात बॅटरीचा उजेड टाकला आणि बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, अहो, खाली तळाशी एक गोल काळं कडं चिकटलंय. मी म्हटलं, तो इंजिनाचा भाग आहे. ती म्हणाली, असेल. पण ते अगदी तुमच्या वॉशरसारखं दिसतं.

मी समजावून सांगत होतो, तोवर तिने मासे धरायचा मोठा गळ घेतला, त्याचं टोक दगडावर सरळ केलं, भोकात घातला, दोन-चारदा खरवडलं आणि ते कडं वर काढलं. माझ्या तळहातावर ठेवलं. जुना वॉशर. करपलेल्या पोळीसारखा.

म्हणजे फॅक्टरीने बसवला होता. इंजेक्टर वर येताना तो खालीच चिकटून राहिला आणि मी त्याच्या डोक्यावर आधी एक, मग दोन नवे ठेवत गेलो. याच निष्कर्षाकडे मी चाललो होतो. एकेक शक्यता बाद करत जावं लागतं.

काठीला फडकं गुंडाळून बसायची जागा स्वच्छ केली. एकच नवा वॉशर. नट दोन्ही बाजूंनी सारखे आवळले. हवा काढताना मेलिआमेने खाली चहाचा कप धरला, त्यामुळे डिझेल तोंडात गेलं नाही.

सुरू केलं. फुस् नाही. वास नाही. नुसतं टक टक टक टक, एकसारखं. मी मेलिआमेकडे बघितलं. तिने हात माझ्या बॉयलर सूटला पुसले आणि टारो शिजत घालायला घरी गेली.

दुरुस्ती पूर्ण. स्वतःच्या हाताने केलेल्या कामाचं समाधान वेगळंच.

१८ ऑगस्ट, मंगळवार

टेस्टिंग. नवीन काम झाल्यावर इंजिन चालवून बघावं लागतं. हार्बरला चकरा मारल्या. धक्क्यावरची माणसं बघत होती म्हणून आणखी मारल्या. फोलाऊच्या होडीच्या अगदी जवळून गेलो. तो जाळं धूत होता. म्हणाला, आवाज चांगला येतोय, दाजी. मी म्हटलं, डिझेल आहे.

दुपारी पास्टरांना फिरवून आणलं. त्यांनी इंजिनाला आशीर्वाद दिला. रविवारचा विषय निघाला नाही.

१९ ऑगस्ट, बुधवार

देवळातल्या गाणाऱ्या बायका म्हणाल्या, आम्हालाही. त्यांना नेलं. त्या गात होत्या, मी सुकाणू धरून होतो, इंजिन ठेक्यात होतं. नंतर बँडवाले आले, तुताऱ्यांसकट. त्यांनाही. लग्नात वाजवायचं गाणं त्यांनी समुद्रात बसवलं. संध्याकाळपर्यंत मला बसायला फुरसत मिळाली नाही.

उद्या पहाटे हाअफेवा. मेलिआमेने ताईसाठी अळूच्या पानांत भाजलेलं मटण बांधून दिलंय. म्हणाली, आधी हे द्या, मग बोला. आणि इंजिनाबद्दल अजिबात बोलू नका.

२० ऑगस्ट, गुरुवार

हाअफेवा. ताईच्या घरी, पडवीत बसून लिहितोय.

वाटेत समुद्र गुळगुळीत. एक देवमासा पिल्लाला घेऊन शेजारून गेला. इंजिन एकदाही अडखळलं नाही.

ताई पाठ करून चटई विणत बसली होती. मी पायरीवर बसलो. आमच्यात मोठ्या बहिणीसमोर भावाने उभं राहून बोलायचं नसतं, आणि उभं राहायची माझी छातीही नव्हती. मटण पुढे सरकवलं. तिने वास घेतला. म्हणाली, मेलिआमेचं दिसतंय. म्हणजे खायला हरकत नाही.

मग विचारलं, मी धूर सोडते का रे? म्हटलं, ताई, ते बोटीबद्दल होतं. ती म्हणाली, पिते फार? म्हटलं, बोट. हातोडीने सरळ करणार होतास? म्हटलं, इंजेक्टर. मग सगळं सांगितलं, नट, पहार, पत्रा, तीन वॉशर. इंजिनाबद्दल बोलायचं नव्हतं, पण दुसरं सांगायला काही नव्हतं. ताईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. जवळ जाऊन बघितलं तर हसत होती. हातातल्या चटईच्या टोकाने डोळे पुसत होती.

म्हणाली, बोटीला माझं नाव कशाला दिलंस. तुझं दिलं असतंस तर लोक बोलले ते सगळं खरं तरी ठरलं असतं.

मग मला घेऊन किनाऱ्यावर आली. बोटीवरचं नाव बघितलं. एका अक्षराचा रंग उडालाय. त्यावर बोट फिरवलं. म्हणाली, उद्या सकाळी निघू. चटया कोरड्या राहिल्या पाहिजेत. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, शर्टाचं वरचं बटण लाव, लग्नघरचा आहेस.

लावलं.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

इंजिनात काहीही दोष नव्हता. हे सगळ्यात आधी नोंदवून ठेवतो.

सकाळी चटया चढवल्या, वर ताडपत्री. ताई मधे बसली, ठेवणीतले काळे कपडे, कमरेला सगळ्यात चांगली चटई, मांडीवर तिची पिशवी. तीन तास अप्रतिम प्रवास. लिफुकाची नारळाची झाडं दिसायला लागली. तेव्हा इंजिन खोकलं, पुन्हा एकदा खोकलं आणि थांबलं.

झाकण उघडलं. इंजेक्टर कोरडा. सील पक्कं. सगळं जागच्या जागी. टाकीत काठी घालून बघितली. काठीही कोरडी. पास्टर, गाणाऱ्या बायका आणि बँड यांनी मिळून किती डिझेल खाल्लं याचा मी हिशोब केला नव्हता. बँडवाले वजनदार आहेत.

ताईने विचारलं, काय झालं. म्हटलं, इंजिन उत्तम आहे. ती म्हणाली, ते मी विचारलं नाही.

बोट हळूहळू आडवी व्हायला लागली. ताईने मटणाची शिळी पुडी काढली, दोघांनी खाल्लं. तिने लहानपणचं एक गाणं म्हटलं. मी दुसरी ओळ विसरलो होतो, तिने ती दोनदा म्हटली.

उशीर झाला म्हणून मेलिआमेने फोलाऊला पाठवलं होतं. तो शिवणयंत्र वाजवत आला. माझ्याकडे बघितलं, टाकीत उभी काठी बघितली, आणि हे त्याच्या बाजूने लिहिलं पाहिजे, एक शब्द बोलला नाही. ताईला म्हणाला, आत्याबाई, या माझ्या बोटीत, तासाभरात पोचवतो. ताई म्हणाली, मी भावाच्या बोटीतून येणार असं सांगितलंय. तो म्हणाला, पण ही चालत नाही. ताई म्हणाली, मग ओढ.

दोर बांधला. त्याची होडी पुढे, आमची मागे. ताई होती तशीच मधे बसून राहिली, ताठ. मी सुकाणू धरून उभा होतो. दिशा मीच देत होतो, थोडीफार. धक्क्यावर सगळं गाव. बँडने वाजवायला सुरुवात केली. सेइनी पुढे धावत आली. ताईने उतरताना माझ्या खांद्याला धरलं, फोलाऊने हात पुढे केला होता तरी. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, माझ्या भावाने मला आणलं.

कोणी हसलं नाही. पास्टरसुद्धा.

२२ ऑगस्ट, शनिवार

लग्न झालं. सेइनी रीतीप्रमाणे मामाच्या मांडीवर बसली. फोलाऊचे पाय बधिर झाले, उठताना दोघांनी धरलं. ताई मानाच्या जागी. केकचा वरचा मजला तिच्याकडे गेला, तिने त्यातला तुकडा गुपचूप माझ्या खिशात घातला. डुकरं, टारो, रताळी, खेकडे, कोणाला काही कमी पडलं नाही. मेलिआमे नाचली. मी भाषण केलं. इंजिनाचा उल्लेख एकदाच केला, लांबच्या पाहुण्यांना संदर्भ कळावा म्हणून. सेइनीने डोळे झाकले. आनंदाने असावं.

जावई चांगला मुलगा आहे. मी सांगितलेलं सगळं त्याने ऐकलं. मधे एकदाच त्याचा डोळा लागला.

२४ ऑगस्ट, सोमवार

ताई आज परत जाणार. उजाडायच्या आत धक्क्यावर गेलो. टाकी तोंडोतोंड भरली. आणखी एक डबा वेगळा घेतला, त्यावर आणखी एक. पाइपातली हवा काढली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू. टक टक टक टक. झाकण उघडून दोन नंबरचा इंजेक्टर बघितला. कोरडा ठणठणीत. ताईच्या जागेवर उशी ठेवली.

ताई आली, मागे मेलिआमे, मागे सामान. माझ्या बोटीजवळ थांबली, इंजिनाचा आवाज ऐकला, म्हणाली, छान वाजतंय. आणि पुढे जाऊन फोलाऊच्या होडीत बसली.

मला वाटलं, चुकून. जवळ जाऊन म्हटलं, ताई, माझी बोट इकडे. टाकी भरली आहे. वॉशर नवा आहे. तिने मला खाली वाकायला लावलं, माझी कॉलर सारखी केली आणि कानात म्हणाली, केलेपी, येताना तुझा मान राखायचा होता. आता मला घरी पोचायचंय.

फोलाऊने दोर सोडला. ताईने लांबपर्यंत हात हलवला. मीही हलवला.

नंतर इंजिन थोडा वेळ तसंच चालू ठेवलं. उशीवर बसून ऐकलं. फुस् नाही.

मेलिआमे म्हणाली, बंद करा आता, डिझेल संपेल.

बंद केलं.